बेचाळीसचा निर्नायकी लढा

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘चले जाव’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसचे अग्रणी नेते स्थानबद्ध झाले. पुढील उठावामागे सरकारने आपल्या १९४३ च्या पुस्तिकेत काँग्रेसची पूर्वयोजना पाहिली. लोकमानसाने त्याला उत्स्फूर्त उद्रेक मानले. या दोन्ही दृष्टींत स्थानिक संघटनेचे श्रम झाकले जातात. मेदिनीपूरच्या ताम्रलिप्त जातीय (बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय) सरकारने वादळग्रस्तांना साहाय्य दिले, तंटे मिटविले. साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. एवढा व्यवहार केवळ क्षोभावर चालत नाही. म्हणून ‘निर्नायकी’ हे विशेषण वापरताना इतिहासकाराने गावपातळीवरील अनाम कार्यकर्त्यांचा शोध थांबवू नये.