दीड ते चार वीस

नानावटी खटल्यावर मराठीत रग्गड लिहून झालंय: पांढरा गणवेश, इंग्रज बायको, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा भराभर वाढलेला खप. निकाल मात्र शेवटी लागला तो घड्याळावर. म्हणून २७ एप्रिल १९५९ चा तो सोमवार घड्याळ धरूनच पाहावा.

नऊ दिवस आधी, १८ एप्रिलला, कमांडर कावस नानावटी 'मैसूर' युद्धनौकेवरून मुंबईला घरी आले. घरी सिल्विया आणि तीन मुलं. बोटीवरच्या फेऱ्यांमुळे नवरा महिनोन्‌महिने बाहेर. या काळात सिल्वियाचा जीव मोटारींचा व्यापारी प्रेम अहुजा याच्यावर जडला होता. नवऱ्याला त्याची काहीच कल्पना नव्हती.

सकाळ. घरचं कुत्रं आजारी. त्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. येताना मेट्रो सिनेमाची दुपारची तिकिटं काढली. चारचौघांच्या घरात असावी तशी सकाळ.

जेवणानंतर. ती दूरदूर का राहते, असं त्यानं विचारलं. मी एकनिष्ठ राहिले नाही, हे तिनं सांगितलं ते शब्दांनी नाही, नुसत्या मानेनं. माणूस कोण, ते त्यानंच ओळखलं. आता जाऊन त्यालाच विचारतो, म्हणाला. जाऊ नका, तो गोळी घालेल, असं ती विनवत राहिली.

दीड वाजता तो घरातून निघाला. कोर्टाच्या कागदांत हा आकडा पक्का बसला.

आता जे घडलं ते मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. एवढं ऐकल्यावरही हा गृहस्थ बायकोला, आपल्या दोन मुलांना आणि शेजारच्या एका पोराला गाडीत घालून मेट्रोला सोडतो. खेळ सुटला की सहाला न्यायला येतो, असं सांगतो. तिथून गाडी बोटीकडे. कारण काय, तर कुत्र्याचं औषध. बोटीवर मात्र तो सांगतो की रात्री एकट्यालाच गाडीनं अहमदनगरला जायचंय, रिव्हॉल्वर हवं. रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या मिळतात. तो ते एका तपकिरी लिफाफ्यात घालतो. ते स्वतःवरच झाडून घ्यायचं होतं, असं त्याचं पुढं म्हणणं.

मग अहुजाचं ऑफिस. अहुजा तिथं नव्हता. शहरातून पुन्हा गाडी, पुन्हा तोच लिफाफा. वाटेत कुठंतरी राग उतरला असता तर? हा प्रश्न माझा नाही, पुढे न्यायाधीशांनाच पडला.

चार वीस. सेटलवाड रोडवरच्या 'जीवनज्योत'मधला अहुजाचा फ्लॅट. नोकरानं दार उघडलं. नानावटी थेट झोपायच्या खोलीत शिरला आणि दार आतून लोटलं. अहुजा नुकताच न्हाणीघरातून आलेला, कमरेला टॉवेल. सिल्वियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असं विचारल्यावर अहुजानं उर्मट उत्तर दिलं, लिफाफ्याकडे झेप घेतली, झटापट झाली आणि गोळ्या आपोआप सुटल्या, ही बचावाची कहाणी. गोळ्या सुटल्या तीन. आवाज ऐकून अहुजाची बहीण धावत आली तेव्हा भाऊ खाली पडला होता. आणि टॉवेल? तो कमरेला जसाच्या तसा. झटापटीत टॉवेल सुटला कसा नाही, या एका गोष्टीनं बचावाची पार दमछाक केली.

नानावटी पळाला नाही. तो स्वतःहून डेप्युटी कमिशनर जॉन लोबो यांच्यासमोर हजर झाला. एरवी खुनाच्या तपासात पोलिसांचे जोडे आरोपीला शोधण्यात झिजतात. इथं आरोपी समोर बसलेला आणि शोधायची ती फक्त मधली वेळ.

ज्युरीनं ८ विरुद्ध १ असं त्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. अचानक आणि तीव्र प्रक्षोभ म्हणावा, तर दीड आणि चार वीस यांच्यामध्ये जवळजवळ तीन तास गेले होते, तेवढ्यात माणूस भानावर येऊ शकतो, असं न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलं. सिनेमाला सोडताना मुलांची त्यानं केलेली सोयही त्याच्याविरुद्धच गेली: पुढचा विचार करणारं डोकं तापलेलं कसं म्हणायचं? १९६४ मध्ये माफी मिळाली, तो वेगळा अध्याय.

सहा वाजता मेट्रोचा खेळ सुटला. न्यायला यायचं कबूल केलेला माणूस तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता.