एक दिवा जास्तीचा

दिव्याच्या अवसेला आमची आजी तांदळाच्या पिठाचे दिवे करायची. पीठ गुळाच्या पाण्यात उकड काढून मळायची, प्रत्येक दिव्याला अंगठ्याने खळगा द्यायची आणि टोपाच्या तोंडावर फडकं बांधून ते वाफवायची. घरात माणसं जितकी, तितके दिवे आणि वर एक. वाफेतून काढले की तुपाची वात लावून पाटावर ओवाळायचे आणि वात विझली की खायचे, गरम असतानाच. तो वरचा एक मात्र कुणाला खायला मिळत नसे. आजी तो पडवीच्या टोकाला, दर्याच्या बाजूला नेऊन ठेवायची आणि वाऱ्याने विझू नये म्हणून त्याच्याभोवती हाताचा आडोसा करून कितीतरी वेळ उकिडवी बसून राहायची.

"कुणाचा गं तो?" मी विचारलं होतं.

"रामदासवाल्यांचा."

मला तेव्हा समर्थ रामदासच वाटले. बरीच वर्षं तसंच वाटत राहिलं.

आजीचं माहेर रेवसचं. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे मुंबई. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. त्यांना मी पाहिलेलं नाही, फोटोही नाही. तिचा थोरला भाऊ मात्र मी भरपूर पाहिला. आजी त्याला दादूस म्हणायची, म्हणून आई म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. आजोबांच्या वयाच्या माणसाला नातवंडं दादूस म्हणतात याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटलं नाही. मे महिन्यात आम्ही रेवसला गेलो की दादूस पडवीत जाळं सांधत बसलेला असे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला, शेजारी काळ्या चहाचा पेला, चहात गवती पात. आतून चुलीवरच्या सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास. आंबट म्हणून कैरी घालायची, चिंच नव्हे, यावर आजी आणि तिची भावजय यांचं जन्मात एकमत झालं नाही.

रामदासची गोष्ट मी ऐकली ती त्या पडवीत, तुकड्यातुकड्याने. दादूस सलग कधी सांगत नसे. जाळ्याचा फाटका भाग आला की गप्प होई.

१७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस. त्या वर्षी श्रावण अधिकाचा आलेला, त्यामुळे नारळी पौर्णिमा पार ऑगस्टच्या शेवटाला, दीड महिना लांब. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय कोळी खोल पाण्यात जात नाही. पण पोटाला काहीतरी लागतंच, म्हणून खाडीत आणि किनाऱ्याजवळ जे मिळेल ते धरून मुंबईला न्यायचं. तशा काही होड्या त्या सकाळी पाण्यात होत्या. त्यांतली एक आजीच्या वडिलांची. दादूस पंधरा वर्षांचा, वल्ह्यावर. टोपल्यांत काय होतं यावर घरात दोन मतं आहेत. आजी म्हणायची चिंबोऱ्या, दादूस म्हणायचा थोडी कोलंबीही होती. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.

त्याच सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसला यायला सुटली. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजे भाऊ यांनी बांधला आणि कोकणच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावरून मुंबईत उतरल्या, परत गेल्या. बोटीत सातशेच्या आसपास माणसं. अवसेला घरी पोचायचं म्हणून निघालेली, बाजार उरकून परत निघालेली, पोराबाळांसकट. पाऊस, वारा, वर अमावास्येचं उधाण. दादूस भरतीचा हिशेब बोटांवर शिकवायचा, तिथीची पाऊणपट करायची. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे अवसेची भरती साडेअकरा-बाराच्या आत-बाहेर भरणार. साडेनऊला पाणी जोरात चढत होतं. वाटेतल्या काशाच्या खडकाजवळ बोटीवर मोठमोठ्या लाटा आल्या, पाणी आत शिरलं, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलली. काही मिनिटांत खाली गेली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईला कळायला दुपार उलटावी लागली.

मुंबईला कळलं नव्हतं, सरकारला कळलं नव्हतं. त्या वेळी तिथे होते ते रेवसचे मासळीवाले.

दादूस म्हणायचा, आधी त्यांना छत्र्या दिसल्या. पाण्यावर उलट्या तरंगणाऱ्या काळ्या छत्र्या. मग टोपल्या, मग डोकी. "बा काय बोलला नाय. नाळेला हात लावला, आई एकवीरा म्हनला, नि पयली टोपली उचलून दर्यात." कमाई होती ती. आषाढातली, जेव्हा घरात दाणा मोजून शिजतो. एकेक टोपली उलटी होत गेली, धरलेला जीव पाण्यात परत गेला आणि होडीत जागा झाली. त्या पंधरा वर्षांच्या पोराने नकळत एक टोपली मागे सारून ठेवली होती. बापाने बघितलं, ती स्वतः उचलली, आणि एवढंच म्हणाला, "मासली उंद्या गावल, मानूस नाय गावाचा."

लाटांत होडी थोपवून धरायची हे काम सोपं नव्हे. बुडणारा माणूस मिठी मारतो. त्याला बाजूने आत घेतलं की होडी कलंडते, मागल्या अंगाने घ्यावं लागतं. एकाने वल्हं मारत राहायचं, एकाने पाणी उपसायचं, दोघांनी ओढायचं. मी विचारलं, भीती नाही वाटली? दादूस जाळ्यावरून नजर न काढता म्हणाला, "वाटली तर! भ्या वाटलं म्हनून तर आईचं नाव."

हे उत्तर मला तेव्हा साधंच वाटलं. आता वाटत नाही. मी पुढे पुष्कळ देवभक्त माणसं पाहिली. संकट आलं की हात जोडून बसणारीही पाहिली, आणि त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या होडीत जोडायला हात मोकळे नव्हते. हात वल्ह्यावर होते आणि देवाचं नाव तोंडात होतं. माझ्या पणजोबांचा देव मी तरी असाच ओळखतो.

खरी अवघड गोष्ट त्यानंतरची, आणि ती दादूसने मला एकदाच सांगितली. होडी भरत आली. पाणी काठाला चार बोटं राहिलं. आणखी एक घेतला असता तर सगळेच गेले असते. पाण्यात अजून हात दिसत होते. तांडेलाने सुकाणू फिरवायचं सांगितलं. त्या वेळी ते काय बोलले? दादूसच्या सांगण्यात, "आये, यांना आता तू बघ." आजीच्या सांगण्यात ते काहीच बोलले नाहीत, फक्त डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं. आजी तेव्हा आठ वर्षांची आणि घरी, म्हणजे तिनेही ते कुणाकडून ऐकलेलंच. कोणतं खरं हे विचारायला आता कुणी नाही. मला दोन्ही खरी वाटतात.

चढत्या भरतीनेच त्यांना खाडीच्या तोंडाकडे आणलं. त्या दिवशी रेवसच्या होड्यांनी पाऊणशेच्या आसपास माणसं वाचवली. आमच्या होडीतली किती, यावर घरात कधी बढाई झाली नाही. आकडा विचारला की दादूस म्हणायचा, "आईनं मोजलं असतील."

घरी माझी पणजी राखेने दिवे घासत बसली होती. बंदरावर आरडाओरडा झाला तेव्हा हाताची राख तशीच, ती पळाली. होडीत नवरा आहे की नाही, मुलगा आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. ते दिसले, आणि त्यांच्याशी एक अक्षर न बोलता ती आधी एका थरथरणाऱ्या बाईकडे गेली, हे आजी नेहमी ठासून सांगायची. ती बाई घरी आली. तिला चुलीशी बसवलं, पेज पाजली, आणि पणजीने सणासाठी जपलेलं नवं लुगडं तिला नेसवलं. बाईचं मूल पाण्यात राहिलं होतं. रात्री दिवे लावायचे की नाही असा प्रश्न आला तेव्हा पणजी म्हणाली, लावायचे, आणि एक जास्तीचा लावायचा. तो दिवा तिथून सुरू झाला.

पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती आणि आमच्या घरात मासळी शिजली नाही. कोळ्याच्या घरात मासळी नाही म्हणजे चूल नाहीच जवळजवळ. नाचणीची भाकरी आणि मीठ-मिरची. महिन्याच्या आत स्वातंत्र्य आलं. आजीला त्या दिवसाचं आठवायचं ते शाळेत मिळालेला पेढा, आणि तो पेढा तिने घरी आणून त्या दिव्याच्या जागी ठेवला एवढं.

गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, संताच्या नावाची बोट देवाने कशी बुडवली? १९२७ च्या नोव्हेंबरातही 'जयंती' आणि 'तुकाराम' अशा दोन बोटी बुडाल्या होत्या, तीही आठवण निघे. पणजीला हा प्रश्न आवडत नसे. ती म्हणायची म्हणे, बोटीवर नाव माणसांनी घातलं, गर्दी माणसांनी केली. देव त्या दिवशी होडीत होता. देव सगळ्यांना का वाचवत नाही, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

माझे पणजोबा दर चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेला जायचे. पूर्वी नवस बोलायचे, कोंबडं, नारळ, जे काय असेल ते. १९४७ नंतर त्यांनी नवस बोलायचं सोडलं. देवीसमोर उभे राहायचे, बराच वेळ, मागच्या रांगेतली माणसं कुरकुरेपर्यंत, आणि काही न मागता खाली उतरायचे. होडी मात्र सोडली नाही. त्यानंतरही कुणाची होडी अडकली की पहिला दोर त्यांचाच सुटायचा.

आजी गेली, दादूस गेला. कालवणात आता घरात कुणी चिंच घालतं, कुणी कैरी. माझ्या हातचे दिवे आजीसारखे होत नाहीत, वाफेत चिरतात. पण आषाढातल्या अवसेला मोजून एक जास्तीचा करते. मी राहते तिथून दर्या दिसत नाही, म्हणून तो पश्चिमेच्या खिडकीत ठेवते.

तुम्ही कधी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलात, तर शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याला काशाचा खडक कुठला ते विचारा. तो बोटाने दाखवील. मग त्याला बोलू द्या.