सोळा के.बी.तला राक्षस

हॉरर गेम्सचा इतिहास काढला की बहुतेक जण १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'पासून सुरुवात करतात. मोठी जपानी कंपनी, झाँबी, रिकामा वाडा वगैरे. मला मात्र ही सुरुवात पटत नाही. एकट्या माणसाने, फुटकळ खर्चात केलेला आणि पाच-दहा मिनिटांत संपणारा भीतीचा खेळ त्याच्या पंधरा वर्षं आधी तयार होता. नाव '३डी मॉन्स्टर मेझ', साल १९८१, लेखक माल्कम इव्हान्स, देश इंग्लंड.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सिंक्लेअरचा झेडएक्स८१ मार्च १९८१ मध्ये बाजारात आला. किंमत ६९.९५ पौंड, मेमरी १ के.बी. (हो, एक!). रंग नाही, आवाज नाही. पडद्यावर काळे-पांढरे-करडे ठोकळे, तेही जेमतेम ६४ बाय ४८. वेगळं व्हिडिओ कार्ड वगैरे भानगड नसल्यामुळे चित्र काढण्याचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात. त्यातून जो वेळ उरेल तेवढाच तुमच्या प्रोग्रॅमचा. इव्हान्सच्या गेमला १६ के.बी.चा जादा रॅम पॅक मागे खोचावा लागे. तो जरा हलला की मशीन हँग, आणि कॅसेटवरून लोडिंग पुन्हा पहिल्यापासून. आज मोबाईलवर काढलेला ३ एम.बी.चा एक फोटो या अख्ख्या मेमरीच्या जवळजवळ दोनशे पट भरतो. आता बोला!

गेम अगदी साधा. सुरुवातीला सर्कशीतला निवेदक येऊन सावध करतो. मग तुम्ही एका भूलभुलैयात. बाहेर पडायची वाट शोधायची. आत एक टिरॅनोसॉरस रेक्स आहे. तुमच्याकडे बंदूक नाही, काठी नाही. फक्त तीन बटणं: पुढे, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. मागे सरकायचं बटणच नाही! पळायचं तर आधी दोनदा वळायचं, मग पुढे. घाबरलेल्या माणसाची बोटं इथेच चुकतात.

त्रिमिती भूलभुलैया हा काही इव्हान्सचा शोध नव्हे. 'मेझ वॉर' १९७३ च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रात इमलॅक मशीनवर चालत होता. पण ती मशीन्स संशोधन केंद्रात. इव्हान्सने तशी गल्ली घरच्या टीव्हीवर आणली आणि तिच्यात शिकारी सोडला.

खरी कमाल पडद्याच्या तळाशी आहे. मशीनला आवाज नाही, मग पावलं ऐकू कशी येणार? तर एक ओळ उमटते: पावलं जवळ येताहेत. त्याआधी, तो दबा धरून बसलाय. मग, तो तुम्हाला शोधतोय. मग, त्याने तुम्हाला पाहिलंय. आणि शेवटी, पळा, तो तुमच्या मागे आहे!

प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहिलं तर ही निव्वळ स्टेटस लाइन आहे. प्राणी किती लांब आहे, त्याला तुम्ही दिसताय का, यावर ठरणारा मेसेज. आपण डीबगिंगसाठी जे लॉग छापतो त्यातलाच प्रकार. पण तो मेसेज तुम्हाला राक्षसाची अवस्था सांगतो, जागा सांगत नाही. समोरची गल्ली रिकामीच असते, आणि तीच जास्त वाईट. तो दिसतो तेव्हा मात्र टप्प्याटप्प्याने मोठा होत अंगावर येतो. पकडलं तर भूलभुलैयात कायम भटकत राहण्याची शिक्षा, वर अपील करायची सोय :)

आता २०१२ मध्ये या. मार्क हॅडलीचा 'स्लेंडर: द एट पेजेस', फुकट वाटलेला. अंधारं जंगल, आठ कागद गोळा करायचे, हातात टॉर्च, शस्त्र नाही, मागे एक बिनचेहऱ्याचा माणूस. तो जवळ आला की पडद्यावर मुंग्या येतात. म्हणजे पुन्हा तेच: धोका जवळ आहे एवढं कळतं, नेमका कुठे ते कळत नाही. इव्हान्सचा गेम हॅडलीने पाहिला होता असा माझा दावा नाही. पैसे आणि मशीन दोन्ही तोकडं असताना दोघं एकाच युक्तीपाशी पोचले, इतकंच.

म्हणून गरिबीतूनच कला जन्मते असं म्हणायचं का? मुळीच नाही. कमी मेमरी सगळ्यांनाच होती आणि त्या काळचे ढिगाने गेम्स विस्मरणात गेले. फरक निवडीचा आहे. उरलेले मोजके बाइट्स राक्षस सुंदर करण्यात घालायचे की तो लपवण्यात, हे इव्हान्सला ठरवायचं होतं. इतिहास लिहिताना आपण बजेट आणि ग्राफिक्स मोजतो, म्हणून असे निर्णय निसटतात आणि श्रेय मोठ्या कंपन्यांना जातं.

असो. झेडएक्स८१ चे एम्युलेटर नेटवर सहज मिळतात. एकदा रात्री एकट्याने खेळून पहा. आवाज कमी करायची गरज नाही, तो नाहीच आहे.