करवतीचे मेज, उलटा राऊटर आणि कारागिराचा हात
एका कार्यशाळीय प्रथेचा ऐतिहासिक विचार

१

ठाण्याहून मुंब्र्यामार्गे पनवेलकडे जाणारा जुना रस्ता व कल्याणहून येणारा रस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या शीळफाट्यास इतिहासग्रंथांत फारसे स्थान मिळालेले नाही. नाक्याच्या एका अंगास महापेमार्गे नवी मुंबई, दुसऱ्या अंगास डोंबिवली व कल्याण, तिसऱ्या अंगास ठाणे. अशा जागी माल उतरतो, साठविला जातो आणि त्यावर काही किरकोळ संस्कार होऊन पुढे जातो. लाकडी सामान घडविणारी लहान कार्यशाळा ही अशा नाक्यांच्या परिसरात सहज उगवणारी वस्तू होय. एक गाळा, दोन-चार माणसे, विजेची जोडणी आणि मध्यभागी चक्राकार करवतीचे मेज, एवढ्यावर ती उभी राहते.

या मेजाला बाजूने एक जादा फळी जोडावयाची, तिला भोक पाडून तिच्याखाली राऊटर नावाचे हातयंत्र उलटे टांगावयाचे, व एकाच मेजावर चिरणे आणि गलता मारणे ही दोन्ही कामे उरकावयाची, अशी एक प्रथा गेल्या काही दशकांत जगभरच्या लहान कार्यशाळांतून रूढ झाली आहे. ही प्रथा केवळ जागा वाचविण्याची युक्ती दिसते; परंतु ऐतिहासिक दृष्टीने ती अधिक विचारार्ह आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हातयंत्र उलटे टांगले गेले त्या क्षणी ते हातयंत्र राहिले नाही. ज्या जुन्या यंत्रास कायद्याने धोकादायक मानून कुंपण घातले होते, तेच यंत्र निराळ्या नावाने पुन्हा अवतरले. मात्र कायद्याचे कुंपण त्याच्याबरोबर आले नाही.

२

कोकणपट्टीतील लाकूडकामाची परंपरा फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दर्शनी द्वाराचे काम केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच चैत्याच्या छताला लाकडी कमानी आजही टिकून आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. पुढे सतराव्या शतकात, १६५७ साली कल्याण-भिवंडीचा प्रदेश हाती आल्यानंतर, शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या उभारणीस कल्याणच्या खाडीतच आरंभ झाला. म्हणजे शीळफाट्याच्या आसपासचा मुलूख सुताराच्या हत्याराला अपरिचित कधीच नव्हता.

या दीर्घ काळातील हत्यारांचा एक गुण नजरेआड होतो. रंधा, पटाशी, वाकस, करवत यांपैकी कोणतेही हत्यार घ्या; त्याला गती देणारा हातच असतो. फळीच्या काठाला गोलाई देणारा गलता रंधा दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलला जातो, त्यामुळे दोन्ही हात साहजिकच पात्याच्या मागे राहतात. हात थांबला की पातेही थांबते. इजा होत नसे असे नव्हे. पण इजेची मर्यादा हाताच्या शक्तीनेच ठरलेली होती. सुरक्षितता हा येथे निराळा नियम नव्हता, तो हत्याराच्या घडणीतच अंतर्भूत होता.

यंत्रयुगाने हा संबंध उलटा केला. इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याने १७७७ साली चक्राकार करवतीचे पेटंट घेतले. १७९३ मध्ये सॅम्युएल बेंथम याने लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचे व्यापक पेटंट मिळविले. आता पाते एका जागी फिरू लागले आणि हात लाकूड घेऊन पात्याकडे जाऊ लागले. रेल्वेच्या डब्यांची बांधणी मुख्यतः लाकडी होती त्या काळात अशी यंत्रे आपल्याकडील मोठ्या कारखान्यांत आली. माटुंग्याचा १९१५ साली सुरू झालेला डब्यांचा कारखाना हे त्याचे जवळचे उदाहरण.

याच यंत्रकुलात उभ्या दांड्याचे गलतायंत्र मोडते. मेजाच्या भोकातून वर आलेला एक दांडा, त्यावर बसविलेली पाती, आणि त्यांच्या अंगावरून सरकविली जाणारी फळी, असे त्याचे रूप. राऊटर मात्र दुसऱ्या वाटेने आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आर. एल. कार्टर याने विजेच्या मोटरीवर चालणारा, हातात धरावयाचा राऊटर प्रचारात आणला. १९२९ मध्ये त्याचा व्यवसाय स्टॅन्ले कंपनीने घेतला. या यंत्रात विजेची गती होती, परंतु जुन्या रंध्याचा एक गुणही शिल्लक होता. लाकूड स्थिर राही आणि दोन्ही हात यंत्राच्या मुठींवर, म्हणजे पात्यापासून दूर, अडकलेले असत.

हा राऊटर मेजाखाली उलटा टांगला की तो गुण संपतो. मुठी मेजाखाली जातात, पाते वर येते, आणि हात पुन्हा लाकूड घेऊन पात्याकडे जातात. तो गलतायंत्राचाच लहान आणि अधिक वेगवान भाऊ होतो.

३

गलतायंत्र व चक्राकार करवत यांविषयी कायदा मूक नव्हता. ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसंबंधी स्वतंत्र नियम झाले व त्यांची छाया आपल्याकडील नियमांवर पडली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाने यंत्रांच्या धोकादायक भागांस कुंपण घालणे सक्तीचे केले, आणि लाकूडकामाच्या यंत्रांसाठी तपशीलवार नियम त्याखाली करण्यात आले. करवतीच्या मागे, चिरलेला भाग मिटू न देणारी मजबूत पोलादी पट्टी असावी. चोवीस इंचांहून कमी व्यासाच्या करवतीस ती पट्टी पात्याच्या माथ्यापासून एक इंचाच्या आत पोहोचावी. पात्यावर झाकण असावे. मेजाखालील भाग दोन्ही बाजूंनी पत्र्याने बंद असावा. ढकलकाठी हाताशी असावी. गलतायंत्राच्या पात्यास शक्य तितके परिणामकारक झाकण असावे, आणि कामाच्या स्वरूपामुळे ते शक्य नसेल तर लाकूड हाताने न धरता साच्यात धरावे. हे नियम लेखनिकाच्या कल्पनेतून निघालेले नाहीत. प्रत्येक कलमामागे कोणाचे तरी बोट आहे.

बोटाची किंमतही कायद्याने लिहून ठेवली होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात, पुढील सुधारणांनंतर, अंगठा गमावल्यास कमावण्याच्या शक्तीची हानी शेकडा ३०, संपूर्ण तर्जनीबद्दल १४, मधल्या बोटाबद्दल १२, एका हाताच्या चारही बोटांबद्दल ५० असे आकडे दिलेले होते. सर्व धंद्यांना एकच मोजमाप लावणारा हा तक्ता सुताराच्या बाबतीत अपुरा पडतो. कारण रंधा धरणाऱ्याची तर्जनी गेल्यास त्याचे जे जाते, ते चौदा टक्क्यांत मावत नाही.

परंतु मुख्य प्रश्न हा की, हे नियम कोणास लागू होते? येथे कामगारसंख्येची मर्यादा आडवी येते. १८८१ च्या पहिल्या अधिनियमाची मर्यादा शंभर कामगारांची होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या कामगारांच्या हालचालींनंतर आलेल्या १८९१ च्या सुधारणेने ती पन्नासवर आली. १९२२ मध्ये वीस, आणि १९४८ मध्ये यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यास दहा. सदुसष्ट वर्षांत कायद्याचा हात क्रमाक्रमाने लहान कार्यशाळेकडे सरकत होता. त्या अधिनियमाच्या ८५ व्या कलमाने त्याहूनही लहान जागांस तरतुदी लागू करण्याचा अधिकार राज्यशासनास दिला होता. २०२० साली संमत झालेल्या व नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने ही मर्यादा पुन्हा वीसवर नेली. १९२२ मध्ये जेथे होतो तेथेच आपण आकड्यापुरते परत आलो, असे म्हणावयास हरकत नाही.

चार माणसांचा गाळा यांपैकी बहुतेक काळ या मर्यादेबाहेरच राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर ठाण्यास वागळे इस्टेट व त्यानंतर डोंबिवलीस नियोजित वसाहती उभ्या राहिल्या. परंतु नियोजित वसाहतींच्या मधल्या पट्ट्यांत, नाक्यानाक्यांवर, जी वस्ती वाढली ती नोंदीच्या मागे लागून वाढली नाही. शीळ-डायघर येथे ४ एप्रिल २०१३ रोजी अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. ही घटना निराळ्या विषयाची असली, तरी नियमाची पाहणी जेथे पोहोचत नाही तेथे काय घडते याची ती साक्ष आहे.

४

कायदा जेथे पोहोचत नाही तेथे त्याचे ज्ञान तरी पोहोचावे, या हेतूने या जोडणीचे तांत्रिक स्वरूप येथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

पहिली गोष्ट भाराची. मेजाखाली टांगावयाच्या राऊटरचे वजन साधारणतः पाच ते आठ किलो असते व ते सतत थरथरत असते. जोडफळी केवळ मेजाच्या कडेला बोल्ट मारून सोडल्यास ती काळांतराने झोळ धरते, आणि हलक्या मेजाचा तोलही एका बाजूस जातो. म्हणून फळीखाली चौकट व शेवटास स्वतंत्र पाय द्यावेत. फळीचा पृष्ठभाग करवतीच्या मेजाशी सरळपट्टी लावून एका पातळीत आणावा. राऊटर ज्या ताटलीला आवळावयाचा ती ॲल्युमिनियमची किंवा तत्सम कठीण द्रव्याची असावी आणि खाचेत बसून फळीशी समतल यावी. तिची कडा किंचितही वर राहिली तर सरकणारे लाकूड तेथे अडते. आणि अडलेल्या लाकडावर हाताने जोर दिला, की ते सुटते त्या क्षणी हात पात्यावर जातो.

दुसरी गोष्ट पात्याची. पात्याचा दांडा आवळणाऱ्या चिमटीस कारागीर कॉलेट म्हणतात. दांड्याचा निदान तीन-चतुर्थांश भाग तिच्यात असावा. मात्र तो तळाला टेकवून आवळू नये, एक-दोन मिलिमीटर वर उचलावा, नाहीतर पकड खरी बसत नाही. वेगाचा हिशेबही ध्यानी घ्यावा. दहा इंची करवत मिनिटास चार हजार फेरे घेते तेव्हा तिच्या दातांचा वेग सेकंदास सुमारे ५३ मीटर असतो. मिनिटास बावीस हजार फेऱ्यांवर १२ मिलिमीटर व्यासाच्या राऊटर-पात्याच्या कडेचा वेग १४ मीटरच भरतो. पण ७५ मिलिमीटरचे पाते त्याच फेऱ्यांवर लावल्यास तो ८६ मीटरवर जातो. म्हणून मोठ्या पात्यास फेरे दहा हजारांच्या आसपास उतरविणे अवश्य आहे, व ज्या राऊटरचा वेग कमी करता येत नाही त्यावर असे पाते चढवूच नये.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि या जोडणीचा खास धोका येथेच आहे. उलटा राऊटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतो. म्हणून आडपट्टीकडे तोंड करून उभे राहावे आणि लाकूड उजवीकडून डावीकडे, फिरण्याच्या विरुद्ध, सरकवावे. आता राऊटर करवतीच्या उजव्या जोडफळीत असेल आणि करवतीचीच आडपट्टी पाते व करवत यांच्या मध्ये उभी करून वापरली, तर करवतीपाशी लाकूड पुढून मागे जाते, आणि राऊटरपाशी मागून पुढे आणावे लागते. एकाच मेजावर दोन उलट्या दिशा! दिवसभर करवतीवर काम करून तयार झालेली हाताची सवय येथे शत्रू ठरते. चुकीच्या दिशेने दिलेले लाकूड पाते हिसकावून घेते, आणि धरणारा हात त्यामागे ओढला जातो. लाकूड पाते व आडपट्टी यांच्या सांदीतून कधीही जाऊ देऊ नये. ते बाणासारखे सुटते.

उरलेले नियम थोडक्यात सांगता येतील. करवत चालू असता राऊटरचे पाते मेजाखाली उतरवावे, राऊटर चालू असता करवत उतरवावी. प्रत्येकास स्वतंत्र बटण असावे व ते मेजाच्या बाहेरच्या बाजूस, न वाकता हाताशी येईल असे असावे. राऊटरच्या अंगावरचे बटण मेजाखाली शोधण्याची पाळी येऊ नये. पाते बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, जोडणीच काढावी. भुसा वरून मोटरीत पडत असल्याने तो ओढून घेण्याची सोय करावी. पात्यावर झाकण, अरुंद फळीस ढकलकाठी, वाकड्या कामास टेकणखुंटी व साचा असावा. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल, की यांतील झाकण, ढकलकाठी व साचा हे तिन्ही गलतायंत्राच्या जुन्या नियमांत अगोदरच होते. नवीन शोधावे लागले ते फार थोडे.

५

या विवेचनातून अभ्यासकांच्या दृष्टीने दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, यंत्राचा इतिहास त्याच्या नावावरून लिहिता येत नाही. हातयंत्र व स्थिर यंत्र असा भेद आपण कागदावर करतो. वस्तुतः पाते स्थिर आहे की हात स्थिर आहे, हाच खरा भेद होय, आणि चार स्क्रूंनी तो एका दुपारी बदलता येतो.

दुसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. कारखाना निरीक्षकांच्या अहवालांवरून औद्योगिक अपघातांचा इतिहास लिहावयाचा, तर तो मर्यादेच्या आतील कारखान्यांचाच इतिहास होईल. मर्यादेबाहेरच्या गाळ्यात बोट गेले तर त्याची नोंद होईलच असे नाही. तेथे साधन म्हणून उरते ते मेजच: जोडफळीला पाय दिला होता की नाही, झाकणाची भोके पाडलेली आहेत पण झाकण कोठे आहे, ढकलकाठीवर करवतीच्या खुणा आहेत की ती कोरी आहे. ढकलकाठीवरील प्रत्येक खूण ही हातावर न झालेली जखम आहे. पुरातत्त्वज्ञ ज्या बारकाईने कार्ल्याच्या लाकडी कमानी पाहतो, त्याच बारकाईने शीळफाट्याच्या परिसरातील एखादे मेज पाहावयास आपल्या विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. कार्ल्याच्या सामीचे नाव दगडावर आले म्हणून आपणांस ठाऊक आहे. मेजामागे उभ्या असलेल्या त्याच्या आजच्या व्यवसायबंधूचे नाव नाही, तरी त्याचा हात शाबूत राहिला की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.