५५ विजय, ६० पराभव

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत खेळाचा विषय निघाला की गाडी सी. के. नायडू आणि होळकरांच्या टीमवरून पुढे सरकत नाही. आज मी बास्केटबॉलचं सांगणार आहे. आणि तेही अमेरिकेतलं. पण शेवटी इंदूरलाच येणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

मुलगी कॅन्सस सिटीजवळ राहते. मागच्या खेपेला जावईबापूंनी लॉरेन्सला नेलं. कॅन्सस विद्यापीठाचं गाव. तिथं बास्केटबॉलच्या मूळ तेरा नियमांची टाइप केलेली दोन पानं काचेआड ठेवली आहेत. २०१० साली विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्यानं ती लिलावात ४३ लाख डॉलरना घेतली. जन्मभर बँकेत काढलेला माणूस आधी आकडा बघणारच.

ते नियम लिहिणारे जेम्स नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. १८९१च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, थंडीत आत कोंडलेल्या पोरांना काहीतरी खेळ हवा म्हणून त्यांनी पीचच्या (आपण आडू म्हणतो त्या फळाच्या) दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. टोपलीला बूड होतं, म्हणजे बॉल पडला की काढायला कुणीतरी वर चढायचं! १८९८ला ते कॅन्ससला आले ते कोच म्हणून नव्हे. प्रार्थनेची आणि व्यायामाची व्यवस्था बघायला. १८९९च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या टीमची पहिली मॅच झाली. १६-५नं हरले.

१९०७पर्यंत टीम त्यांच्याकडे होती. हिशेब: ५५ विजय, ६० पराभव. तेव्हापासून आजवर या विद्यापीठात जेमतेम आठ मुख्य कोच झाले, आणि त्यांत एकट्याचंच खातं नावे बाजूला आहे. ज्यानं खेळ शोधला त्याचं! मला हे फार आवडलं. त्यांना जिंकण्याचं वेड नव्हतं. हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, अशीच त्यांची धारणा होती.

त्यांचाच चेला फॉग अॅलन उलट्या स्वभावाचा. आवाज भोंग्यासारखा, म्हणून ते नाव पडलं. त्यानं शिकवणं हाच धंदा केला. ३९ सीझन, ५९० विजय, १९५२चं राष्ट्रीय विजेतेपद. केंटकीचे अॅडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ हे पुढचे दोन मोठे कोच त्याच्याच हाताखाली खेळलेले. १९३६ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला त्यामागेही अॅलनची खटपट होती, आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या नेस्मिथांनी तो तिथं जाऊन पाहिला. १९५५ला अॅलनच्याच नावाचं मोठं स्टेडियम उघडलं. त्याच वर्षी विल्ट चेंबरलेन, सात फुटी पोरगा, विद्यापीठात दाखल झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळता येत नसे. दुसरं वर्ष उजाडेपर्यंत अॅलनला सत्तर पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे घरी बसावं लागलं. रिटायरमेंटचं दुःख मला कुणी समजावून सांगायला नको. १९५७च्या फायनलला चेंबरलेन असूनही कॅन्सस हरलं, तीनदा जादा वेळ खेळून, ५४-५३. पुढची विजेतेपदं १९८८, २००८ आणि २०२२ची. त्यांचं जावईबापूंना विचारा, ते तासभर बोलतील.

मी अडकलो दुसऱ्याच एका नावापाशी. जॉन मॅक्लेंडन. १९३३ला हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शिकायला आला आणि थेट नेस्मिथांकडे गेला. म्हाताऱ्यानं त्याला आपला विद्यार्थी मानलं, खेळातलं सगळं शिकवलं. पण विद्यापीठाच्या टीममध्ये त्या रंगाच्या मुलाला जागा नव्हती. खेळ शोधणाऱ्याचा शिष्य, आणि त्याच विद्यापीठात एकही मॅच नाही! पोहण्याच्या तलावात उतरायलासुद्धा त्याला झगडावं लागलं. १९३६ला पदवी घेऊन तो बाहेर पडला. विद्यापीठाच्या टीममध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५०च्या दशकात. तोवर मॅक्लेंडन दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत कोच झाला होता. १९४४च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी, गावचे लोक चर्चमध्ये असताना, त्यानं दारं बंद करून आपल्या मुलांची गोऱ्या ड्यूक मेडिकल स्कूलच्या टीमशी चोरून मॅच लावली. ८८-४४नं जिंकली. पुढे १९५७, ५८, ५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यानं टेनेसीच्या टीमला मिळवून दिली. कॅन्ससच्या खतावणीत खेळाडू म्हणून त्याच्या नावे एक पॉइंटही नाही.

परतताना गाडीत मी गप्प होतो. मुलीला वाटलं, बाबा थकले.

१९६९-७०ची गोष्ट. कॉलेजात सिमेंटचं एक कोर्ट होतं. मी खेळायला बेताचाच, पण कॉमर्सचा, अक्षर बरं, म्हणून स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे. सरावात रोज सर्वांत जास्त बास्केट टाकणारा मुलगा सफाई कामगाराचा होता. बाहेरगावच्या मॅचसाठी यादी करायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, त्याचं नको, मुक्कामात जेवणाखाणाचे प्रश्न येतात. मी मान डोलावली आणि यादी लिहिली. माझ्याच सुवाच्य अक्षरात. तो कागद नोटीस बोर्डावर लागला तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. यादी वाचून म्हणाला, "लिखावट अच्छी है यार." दुसऱ्या दिवसापासून कोर्टवर आला नाही.

त्याच्या बास्केटांचे आकडे लिहिलेली वही जुनं घर विकताना रद्दीत गेली. नाव मला पक्कं आठवतं, पण त्याला न विचारता इथं लिहिणार नाही. त्या वर्षांत कॉलेजच्या कोर्टवर येणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर मी कुणाबद्दल बोलतोय ते लगेच ओळखेल. त्याचा किंवा त्याच्या मुलाबाळांचा ठावठिकाणा ठाऊक असेल तर मला कळवा. सध्या इंदूरलाच आहे, दुपारी चारनंतर घरीच असतो.