यूएसआर : युजर्सचं गेलेलं घर

मागच्या वर्षी मी स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम सरळ /यूएसआर/बिन मध्ये टाकला. पुढच्या अपडेटने त्यावर आपली आवृत्ती बसवली आणि माझ्या प्रबंधातले आकडे गुपचूप बदलले. चूक माझीच. पण ती नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ वर युनिक्स घडवत होते. तेव्हा /यूएसआर म्हणजे खरंच युजर्सचं घर, वेगळ्या डिस्कवरचं. मूळ डिस्क भरली, तसे सिस्टीमचे प्रोग्रॅम तिथे राहायला आले. पाहुणे घरमालक झाले. युजर्स पुढे /होम मध्ये गेले.

लिनक्सच्या डिरेक्टरींचं पहिलं मानक १९९४ साली आलं. त्यातूनच आजचं एफएचएस. त्याची वाटणी अशी: /यूएसआर डिस्ट्रिब्युशनचं. /यूएसआर/लोकल मशीन सांभाळणाऱ्याचं, तिथे अपडेटने हात लावायचा नाही. /ऑप्ट बाहेरून आलेल्या स्वतंत्र पॅकेजांसाठी. आणि रूटचे अधिकारच नसतील, म्हणजे लॅबच्या सर्व्हरवर आपण, तर प्रथेने होममधलं .लोकल/बिन.

थोडक्यात, पाथ हा नुसता पत्ता नाही, सातबारा आहे. आकडे मी पुन्हा काढले. प्रोग्रॅम आता /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आहे. तुमचा कुठे आहे? एकदा ‘व्हिच’ कमांड देऊन बघाच.