हुकुमाची छपाई

एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, ही पद्धत आमच्या नगर जिल्ह्यात नेवाशापासूनची. 1290 साली ज्ञानेश्वर सांगत गेले, सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले. नऊ हजारांवर ओव्या झाल्या. मध्येच कागद अडकला, शाई संपली, असली एकही तक्रार परंपरेने नोंदवलेली नाही.

तक्रारी सुरू झाल्या त्या यंत्र आल्यावर. आयबीएमचा 1403 हा लाइन प्रिंटर निघाला 1959 साली. मिनिटाला 600 ओळी, ओळीत 132 अक्षरांची जागा. ओळीला एक ओवी धरली तर अख्खी ज्ञानेश्वरी पंधरा-सोळा मिनिटांत! पण त्याला हुकूम कसा सोडायचा? 1972 साली आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/370 आणली. तिच्यातल्या सीएमएसमध्ये टर्मिनलवर 'प्रिंट' लिहायचे, पुढे फाइलीचे नाव, मग तिचा प्रकार. यंत्र लगेच उत्तर देई : 'रेडी'. नवख्याला वाटे, कागद तयार! छे हो. कचेरीतला कारकून "झालंच म्हणून समजा" म्हणतो ना, त्यातला प्रकार. फाइल फक्त रांगेत लागलेली असे.

या रांगेचे नाव स्पूल. प्रवरेकाठच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. कारखान्यावर उसाच्या गाड्या एकदम शंभर आल्या तरी गव्हाणीत ऊस पडणार तो बेतानेच. बाकीच्यांनी तळावर थांबायचे. मेनफ्रेम वेगवान, प्रिंटर त्यामानाने बैलगाडी. म्हणून छापायचा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवीत आणि नंबर आला की छापीत. नंबर लागल्यावर मूळ फाइलीत काही सुधारले, तरी छापून येई ते आधीचेच. काट्यावर वजन झाले की झाले!

आणखी एक मेख म्हणजे फाइलीचे नाव आठ रोमन अक्षरांत बसायला हवे. राहुरी बसते, पारनेर बसते, शेवगाव आणि पाथर्डी अगदी काठोकाठ. पण संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, श्रीगोंदा हे चार तालुके बाहेर! अहमदनगरची अक्षरे दहा. नाव बदलून अहिल्यानगर केले, तर ती अकरा झाली. म्हणजे प्रकरण आणखी बिघडले.

एवढे सोसूनही कागद हाती आला, तर त्यावर मराठी कुठे असे? 1403च्या साखळीवर नेहमीची 48 चिन्हे, तीच पाच वेळा. त्यांत रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि थोडी विरामचिन्हे. 'के ए एल ई' छापून आले, की ते काळे, काले की कळे, हे न कळे! ज्याचे नाव छापले, त्यालाच ते वाचता येऊ नये, ही थट्टा नव्हे. 1842 साली ज्या नगरात मराठी 'ज्ञानोदय' निघाले, तिथल्या माणसाचेही नाव 117 वर्षांनंतरच्या या यंत्राला मराठीत छापता आले नसते.

युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली, आणि पुढे हळूहळू हे दुखणे कमी झाले. पण मिनिटाला 600 ओळी छापणाऱ्या त्या बहाद्दराला ज्ञानेश्वरीतला 'ज्ञ' काही आला नाही. नेवाशाच्या बोरूला तो पहिल्या दिवसापासून येत होता.